जागा कुठली ते सांगा

मागच्या अंकात मी अंतर्गळावर, म्हणजे हर्नियावर लिहिलं. त्यात 'वृषण', 'अंडकोश', 'शिश्न' हे शब्द चार-पाचदा आले आणि एवढ्यावरून पत्रांचा ढीग पडला. म्हणून या महिन्यात गुडघे, ॲसिडिटी, थायरॉइड सगळं बाजूला. पत्रं बहुतेक 'त्या जागेविषयी' आहेत. ती कुठली जागा हे लिहायचं धाडस मात्र फार थोड्यांनी केलंय. मी बेळगावच्या शहापुरातली सर्जन, त्यात बाई. पुरुष पेशंट माझ्यासमोर पंख्याकडे बघत बोलतात, त्याची सवय आहे. कागदावर तरी सरळ लिहाल असं वाटलं होतं.

प्रश्न: माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. आम्ही घरी 'नुन्नी' म्हणतो, माझ्या माहेरी चंदगडकडे 'बुल्ली' म्हणतात, सासूबाई 'चिमणी' म्हणतात आणि शाळेतल्या ताई 'प्रायव्हेट पार्ट' शिकवतात. पोरगा गोंधळलाय. त्याला कुठला शब्द शिकवू?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर: घरातला जो असेल तो राहू दे. नुन्नी, बुल्ली, चिमणी, काहीही. पण त्याच्या जोडीला खरे शब्दही आत्ताच सांगा: पुढे आहे ते शिश्न, खालची पिशवी म्हणजे अंडकोश, आणि तिच्यात आहेत ते वृषण. उच्चाराला जड म्हणाल, तर तुमचा मुलगा 'हेलिकॉप्टर' म्हणतो की नाही? मग हेही म्हणेल.

'प्रायव्हेट पार्ट' माझ्या मते फार उपयोगाचा नाही. त्यात पुढचं, मागचं, मुलाचं, मुलीचं सगळं एकत्र येतं. मुलाला तिथं दुखलं, खाजलं किंवा कुणी हात लावला, तर नेमकं कुठं ते त्याला सांगता यायला हवं. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि तो मुलींइतकाच मुलग्यांसाठीही आहे. आपल्याकडे मात्र 'मुलगाच तर आहे' म्हणून त्याला काहीच सांगितलं जात नाही. 'चिमणीला काकांनी हात लावला' हे वाक्य बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला काय बोध होणार?

बरीच पुस्तकं 'लिंग' शिकवतात. आपल्या भागात लहान मुलांसाठी मी तो टाळते. शेजारचे अप्पा गळ्यात इष्टलिंग घालतात, सोमवारी आपण कपिलेश्वराला जातो, ओळखीत एखादा लिंगराज किंवा शिवलिंगप्पा असतोच, आणि पुढे व्याकरणाच्या तासाला पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग भेटणार. साडेतीन वर्षांच्या पोराने एवढा गुंता कशाला सोडवायचा?

जाता जाता दोन गोष्टी, कारण अंघोळ तुम्ही घालता. एक, शिश्नाची पुढची कातडी या वयात मागे गेलीच पाहिजे असं नाही. ती आपोआप सुटते, कुणाची चार वर्षांनी, कुणाची दहा. तेल लावून ओढायचा सल्ला कुणी देत असेल तर नमस्कार करून निघून या. ओढल्याने चीर पडते, ती भरताना कातडी आखडते आणि मग खरोखरच सुंता करावी लागते. दोन, गरम पाण्याने अंघोळ घालताना पिशवीत दोन्ही वृषण हाताला लागतात का ते बघा. गार पाण्यात ते वर पळतात, म्हणून गरम म्हणतेय. एखादा कधीच लागत नसेल तर थांबू नका. खरं तर हे बाळ सहा महिन्यांचं असतानाच बघायचं असतं. न उतरलेला वृषण वर्षा-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रियेने खाली आणून ठेवावा लागतो.

प्रश्न: मी दहावीला मराठी माध्यमातून विज्ञान शिकवतो. वर्गात मुलं-मुली एकत्र. प्रजननाचा धडा आला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. यंदा एकाने विचारलं, 'सर, वृषण म्हणजे गोट्याच की?' मी त्याला वर्गाबाहेर काढलं. काय करायला हवं होतं?
— शिक्षक, निपाणी

उत्तर: 'होय' म्हणायचं आणि पुढे जायचं. त्याचं उत्तर बरोबर होतं.

पुढच्या वर्षी असं करून बघा. धडा सुरू करायच्या आदल्या दिवशी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या आणि माहीत असलेले सगळे शब्द नाव न घालता लिहायला सांगा. चिठ्ठ्या खिशात ठेवा, वाचून दाखवू नका. काय येईल ते मी आताच सांगते: गोट्या, अंडी, बुल्ला, सोट्या, केळं, सामान, बाबूराव, आणि लवडा. (संपादकांनी इथे फुल्या मारू नयेत. फुल्या दिसल्या की वाचक तोच शब्द मनातल्या मनात मोठ्याने वाचतो.) 'घंटा' कुणी लिहिणार नाही, कारण हल्ली मुलीही 'घंटा फरक पडतो' असं बिनदिक्कत म्हणतात आणि तो कुठून आला याचा कुणालाच पत्ता नसतो. आमच्या गल्लीत तर गोट्या नावाचे काका आहेत, साठी उलटलेले. त्यांना हाक मारताना कुणी लाजत नाही.

लाज शब्दाला चिकटते ती अशी कुठेही, कशीही. आपल्या सीमाभागात सभा असली की 'मराठी माणसाचं खच्चीकरण' कर्ण्यावरून अख्ख्या पेठेला ऐकू जातं. व्यासपीठावरचे ज्येष्ठ मान डोलावतात, खालच्या बायका टाळ्या वाजवतात. खच्ची करणं म्हणजे वृषण निकामी करणं. ते चालतं, वृषण चालत नाही!

चिठ्ठ्या घेऊन झाल्या की फळ्यावर आकृती काढा आणि शुक्राणूचा प्रवास सांगा, म्हणजे नावांना काम मिळेल. वृषणात तो तयार होतो, अधिवृषणात तो पिकतो, शुक्रवाहिनीतून वर ओटीपोटात जातो, तिथे शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथी आपापला द्रव घालतात आणि मग शिश्नातून बाहेर. तयार व्हायला सुमारे दोन ते अडीच महिने लागतात. इतका महत्त्वाचा अवयव शरीराबाहेर लोंबत का ठेवलाय, असं एखादी हुशार मुलगी विचारेल. कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. थंडीत पिशवी आवळते, उन्हाळ्यात सैल पडते, ते त्यासाठीच. हे सांगितल्यावर वर्ग हसत नाही, विचारात पडतो.

प्रश्न: माझा मुलगा चौदा वर्षांचा. रात्री 'पोटात दुखूलालंय' म्हणून उठला, दोनदा उलटी झाली. ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. पहाटे गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन मारून आणलं. दुपारी तो चालताना पाय फाकवू लागला तेव्हा त्याच्या आजोबांना शंका आली. बेळगावला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. एक बाजू काढून टाकावी लागली. पोराने खरं का सांगितलं नाही? आता त्याला मूलबाळ होईल काय? आमची शेती आहे, दोन बैल आहेत, शिकलेलो कमी आहे, समजेल असं सांगा.
— एक वडील, संकेश्वर भाग

उत्तर: दादा, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. होईल. एक वृषण चांगला असेल तर मूल व्हायला आणि मिशा फुटायला तो पुरतो. शस्त्रक्रियेत दुसऱ्या बाजूचा वृषणही टाके घालून जागेवर पक्का केला असेल. कागदावर तसं लिहिलंय का ते बघून घ्या, नसेल तर विचारा. कबड्डी, क्रिकेट खेळू दे, फक्त क्रिकेटला खालचं गार्ड लावल्याशिवाय पाठवू नका.

आता पहिलं. मुलगा खोटं बोलला असं धरून चालू नका. आईच्या पोटात असताना बाळाचे वृषण मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली पिशवीत उतरतात. उतरताना आपल्या शिरा आणि मज्जातंतू वरूनच सोबत घेऊन येतात. म्हणून दुखणं पिशवीत असलं तरी कळ बेंबीच्या खाली, ओटीपोटात जाणवते, उलटी होते. काही मुलांना आधी तिथेच कळतं. त्याने सांगितलं ते खरं होतं. अर्धं होतं, एवढंच. उरलेलं अर्धं सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता. आईसमोर 'गोट्या' म्हणायची सोय नाही आणि 'वृषण' त्याने पुस्तकात वाचला तो परीक्षेपुरता.

झालं काय, ते तुम्हाला बैलावरून लगेच कळेल. खोंड बडवायला जनावरांचे डॉक्टर तो मोठा चिमटा आणतात, बर्डिझो. कातडी कापत नाहीत, रक्त येत नाही. वरच्या दोरीला चेचतात, त्यातली रक्तवाहिनी बंद होते आणि खालचं आपोआप वाळतं. तुमच्या मुलाच्या वृषणाला तसलीच दोरी आहे. रात्री झोपेत तिला पीळ पडला, रक्त थांबलं. काही मुलांमध्ये वृषण पिशवीत सैल लटकत असतो, त्यांना हा धोका जास्त. वयात येताना, साधारण १२ ते १८ या काळात, हे जास्त होतं. तुमच्या हातून काही झालं नाही, त्याच्याही नाही. त्याने काही 'वाईट सवय' केली म्हणून असं झालं, असं कुणी भाऊबंद म्हणत असेल तर हा अंक त्याच्या हातात द्या.

वेळ मात्र फार थोडा असतो. दुखायला लागल्यापासून ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतो. २४ तास उलटले की क्वचितच. तुमच्याकडून बेळगावला यायला किती लागतात ते तुम्हीच जाणता; रस्ता लांब नाही, लांब असतो तो ओव्यापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ. आणि त्या दवाखान्यातही कुणी चड्डी उतरवून बघितलं नाही, हे तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं. मुलग्याचं पोट दुखत असेल तर पिशवी तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही, हे आम्हाला शिकवतानाच सांगितलेलं असतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: मुलगा अचानक पोटात कळ आली म्हणाला तर बापाने, काकाने, आजोबांनी, कुणीही, सरळ विचारा, 'खाली गोट्यात दुखतंय का?' त्याच्याच शब्दात विचारा. एक बाजू सुजलेली, लाल, वर खेचल्यासारखी दिसली, हात लावू देत नसेल, तर गोळी नको, शेक नको, सकाळची वाट नको. थेट सर्जन असलेलं हॉस्पिटल. काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल. दारात पोचल्यावर 'पोट दुखतंय' म्हणू नका. 'वृषणाला पीळ पडल्याची शंका आहे' म्हणा. रांगेतून आत घेतील.

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना प्रोस्टेटमुळे लघवी अडली म्हणून नळी घातली आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी 'तिथे' खूप सूज आली. नर्सला फोन केला तर तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड मोडकं येतं. 'तिथे सूज आहे' एवढंच सांगू शकले, ती म्हणाली नळी आहे म्हणून असेल. पुढे हॉस्पिटलात नेल्यावर कळलं की कातडी मागेच राहिली होती. सुनेने हे कसं सांगायचं?
— एक सून, अनगोळ

उत्तर: तुम्ही नेलंत, बरं केलंत. नळी घालताना शिश्नाची कातडी मागे सारतात. काम झाल्यावर ती पुढे आणायची राहिली तर तिचा कडा अंगठीसारखा आवळतो आणि पुढचा गोल भाग फुगत जातो. काही तासांत सोडवावं लागतं, नाहीतर पुढच्या भागाचं रक्त अडतं. नळी असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या घरी हे माहीत असायला हवं: धुताना कातडी मागे घेतली की पुसून झाल्यावर पुढे आणायचीच. रोज.

सुनेने सासऱ्यांचं हे करायचं म्हणजे 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' याच्याही पुढची गोष्ट. नवऱ्याने करावं, ते उत्तम. तो कामावर असेल तर मामंजींना आधी सांगा, 'मामा, नळीची जागा धुते,' तोंडावर टॉवेल घ्यायला द्या, हातमोजे घाला आणि काम करताना दुसरं काहीतरी बोलत राहा. माझ्या पेशंटांच्या घरी पाऊस आणि रताळ्याचा भाव हे विषय चांगले चालतात.

कन्नडबद्दल: पुस्तकी शब्द दोन्हीकडे तेच आहेत, शिश्न आणि वृषण, नर्सला लगेच कळतात. घरगुती वेगळे. वृषणाला ते तरडू म्हणतात, बीजही म्हणतात. लघवीला इकडचे लोक उच्ची म्हणतात. तुम्हाला त्या दिवशी हवं होतं ते एवढं: 'मुंदिन चर्म हिंद सरदैति, बाव बंदैति.' पुढची कातडी मागे सरकलीय, सूज आलीय. इतक्या शब्दांत तिला निदानच सांगून झालं असतं.

प्रश्न: वय २२. आठवड्यातून एक-दोनदा झोपेत धातू जाते. लघवीतूनही जाते असं वाटतं. अशक्तपणा आलाय, अभ्यास होत नाही. बसस्टँडजवळच्या भिंतीवर जाहिरात होती, तिथून औषध आणलं, बरेच पैसे गेले. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून धातूचा एक थेंब होतो म्हणतात.
— विद्यार्थी, खडेबाजार

उत्तर: होत नाही. वीर्य रक्त आटवून बनत नाही. एका वेळी दीड ते पाच मिलिलिटर येतं, त्यात बहुतेक पाणी, थोडी साखर आणि प्रथिनं. झोपेत जाणं म्हणजे भरलेलं वाहून जाणं. तुझ्या वयात ते न होणारेच थोडे.

आयुर्वेदात सात धातू आहेत, रसापासून शुक्रापर्यंत, आणि शुक्र शेवटचा म्हणून सगळ्यात मोलाचा. भिंतीवरच्या जाहिरातवाल्यांनी त्यातलं तेवढंच उचललं आणि भीती विकायला बसले. ही भीती इतकी खास आपल्याकडची आहे की डॉ. एन. एन. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. अशक्तपणा खरा असतो, पण तो काळजीने आणि झोप उडाल्याने आलेला. सकाळची लघवी गढूळ दिसते ती बहुधा क्षारांमुळे. एकदा साधी लघवीची तपासणी कर, खर्च किरकोळ. जळजळ होत असेल किंवा पू येत असेल, तर ते धातू नव्हे, संसर्ग आहे. डॉक्टरला संबंध आला होता का ते खरं सांग. ते भिंतीवरचं औषध बंद कर आणि उरलेलं फेकून दे. मन तरीही लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न: माझी डावी गोटी उजवीपेक्षा खाली आहे. काही प्रॉब्लेम?
— वय १७, वडगाव

उत्तर: नाही. बहुतेकांची डावीच खाली असते. पण महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर दोन्ही बोटांनी चाचपून बघ. कडक, न दुखणारी गाठ लागली तर दाखव. वृषणाचा कर्करोग तरुणांचाच आजार आहे आणि वेळेवर सापडला तर जवळजवळ नेहमी बरा होतो. उभं राहिल्यावर डावीकडे फुगलेल्या शिरांचा गुंता लागत असेल तर तेही दाखव, घाई नाही.

प्रश्न: आपलं मासिक आम्ही वाचनालयाच्या टेबलावर ठेवतो. आपल्या लेखातले शब्द वाचून भगिनी वर्गाची कुचंबणा होते. 'नाजूक जागा' असं म्हणता येत नाही का?
— एक निवृत्त गृहस्थ, टिळकवाडी

उत्तर: म्हणता येतं, पण वर संकेश्वरच्या वडिलांचं पत्र आहे ते वाचा. भगिनी वर्गाची पत्रंही वरच आहेत, दोन. कुचंबणा त्यांची झालेली दिसत नाही.

प्रश्न: वय ५८. अंड वाढलंय, दोन-तीन वर्षं झाली. दुखत नाही. धोतरात दिसत नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही. ओळखीचा एक जण म्हणतो सुईने पाणी काढून देतो. काढू काय?
— शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर: काढू नका. पाणी पुन्हा भरतं आणि सुईबरोबर जंतू आत गेले तर पू होतो.

पण आधी ते पाणीच आहे का ते ठरवायला हवं. आपल्याकडे 'अंड वाढलं', 'अंड उतरलं', 'अंतर्गळ' हे तिन्ही एकाच दमात म्हणतात. अंतर्गळ म्हणजे आतडं जांघेतून खाली येतं. झोपल्यावर बहुधा आत जातं, खोकल्यावर फुगतं. पाणी भरलेलं असेल तर झोपल्यावर सहसा जात नाही. अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च लावली तर पाण्याची पिशवी लालसर उजळते, आतडं असेल तर सहसा उजळत नाही. तरी सोनोग्राफी करूनच घ्या, पाण्याच्या आत वृषण कसा आहे ते बघावं लागतं. फुगवटा अचानक कडक होऊन दुखू लागला आणि उलट्या झाल्या तर तो अडकलेला अंतर्गळ असू शकतो, त्याच रात्री निघा.

पाणीच निघालं तर शस्त्रक्रिया छोटी आहे, बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाल. नंतर तीन-चार आठवडे मोळी उचलायची नाही, ट्रॅक्टरवर बसायचं नाही. तेव्हा कारखाने सुरू व्हायच्या आत, दसऱ्याच्या आधी या. येताना मुलाला बरोबर आणा आणि त्याला वाटेतच सांगा कुठल्या दुखण्यासाठी चाललोय ते. नाहीतर तो माझ्या टेबलासमोर बसून सांगतो, 'बाबांचं पोट बिघडलंय.'